चांदीची सावली, आकड्यांची सावली

कृष्णधवल छायाचित्राविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोन सुरांत. एक सूर गहिवराचा. डार्करूममधला लाल दिवा, ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा चेहरा, हायपोचा वास, आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा उसासा. दुसरा सूर तंत्राच्या अभिमानाचा. इतके मेगापिक्सेल, इतक्या कमी उजेडात इतका स्वच्छ फोटो, मग फिल्मची मातब्बरी ती काय? या दोन्ही सुरांत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे कागदावर उमटलेले प्रत्यक्ष चित्र. कादंबरी हाताने लिहिली की टंकयंत्रावर, यावरून आपण तिचे मूल्य ठरवत नाही. परंतु छायाचित्राचे तसे नाही. येथे साधन बदलले की करड्या रंगाच्या छटा बदलतात, आणि छटा बदलल्या की माणूस बदलतो. म्हणून फिल्म आणि डिजिटल यांची तुलना करायची तर ती भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभे राहून करावी, असे मला वाटते.

प्रथम चित्र बनते कसे ते थोडक्यात पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. ज्यांच्यावर पुरेसा प्रकाश पडला, ते स्फटिक डेव्हलपरमध्ये काळ्या धातुरूप चांदीत बदलतात. उरलेले क्षार हायपो विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांना १८१९ मध्येच आढळला होता. १८३९ मध्ये छायाचित्रण जगापुढे आले तेव्हा चित्र कायम करण्यासाठी तो उपयोगी पडला. म्हणजे आपल्या घरातल्या जुन्या फोटोतले आजोबा हे खरोखर चांदीचे आहेत. त्यांच्या कोटाचा काळा रंग म्हणजे कागदावर चिकटलेली धातूची पूड होय.

ही विद्या मराठी मुलखात फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या प्रारंभीच्या काळातच या कलेत लक्ष घातले. पुढे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत असत. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या भावांनी कॅमेरा स्वतःच्या हाताने घडविला. चांदीची ही सावली आपल्याकडे परकी म्हणून राहिली नाही. ती घरच्या माणसांच्या हातातून गेलेली आहे.

डिजिटलचा आरंभही, गंमत म्हणजे, कृष्णधवलच आहे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्यातले चित्र काळे-पांढरे होते. शंभर बाय शंभर, म्हणजे अवघे दहा हजार ठिपके, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. फिल्मवर जगणाऱ्या त्या कंपनीला हे मूल पुढे जड गेले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे १९६० साली स्थापन झालेला उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखानाही बंद पडला. त्याची 'इंदू' फिल्म आणि अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा बारा फोटोंचा डबा ज्यांनी हाताळला, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश मोजणारे लक्षावधी बिंदू असतात. त्या बिंदूंना रंग कळत नाही. म्हणून त्यांच्यावर रंगीत जाळी बसवलेली असते. चार बिंदूंपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या काचेखाली. मधल्या उणिवा यंत्र हिशेबाने भरून काढते आणि रंगीत चित्र तयार होते. कृष्णधवल फोटो हवा असेल तर या रंगीत चित्रातून रंग काढून टाकायचे. याचा अर्थ असा की फिल्मच्या छायाचित्रकाराला कॅमेऱ्यात रोल भरताना आणि भिंगावर पिवळी किंवा लाल काच लावताना जो निर्णय घ्यावा लागे, तो डिजिटलवाला फोटो काढून झाल्यावर, घरी बसून, कितीही वेळा घेऊ शकतो.

वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. परंतु आपल्या घरातले एक उदाहरण घेऊ : कुंकू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. त्या फोटोंतल्या पणजीच्या कपाळावरचे कुंकू म्हणूनच ठसठशीत काळे दिसते, आणि उन्हाने रापलेला चेहरा प्रत्यक्षापेक्षा अधिक सावळा. पुढे सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि तेच कुंकू मध्यम करड्या छटेचे झाले. आता डिजिटलमध्ये काय होते ते पाहा. रंगीत फोटोतून केवळ लाल भाग घेऊन कृष्णधवल केले, तर त्वचा उजळ, गुळगुळीत होते, आणि कुंकू तिच्यात जवळजवळ विरघळून जाते. केवळ निळा भाग घेतला तर कुंकू काळेभोर, चेहरा गडद, आणि प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती वर आलेली. हिरवा घेतला तर दोहोंच्या मधले काही तरी.

स्टुडिओतल्या मुलाला चेहरा उजळ हवा असतो. तो लाल भाग वाढवतो आणि कुंकू नाहीसे होते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, सुवासिनीच्या फोटोतून कुंकू जाणे म्हणजे काय. त्या प्रथेचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर बोलायला हवेच. परंतु सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या बाईने कपाळ भरून कुंकू लावून कॅमेऱ्यासमोर बसण्याचे ठरविले होते. तो तिचा निर्णय एका सरकपट्टीने पुसला जातो, आणि पुसणाऱ्याला ते कळतही नाही. फिल्म काही सत्यवादी नव्हती. काळे कुंकू हेही खोटेच. मात्र तिचे खोटे सर्वांसाठी सारखे होते, आणि तो खोटेपणा माहीत असला की मागे जाऊन खरे काय ते काढता येत असे. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोचे खोटे निराळे. म्हणून डिजिटल कृष्णधवल करणाऱ्याची जबाबदारी फिल्मवाल्यापेक्षा वाढली आहे, कमी झालेली नाही. रंगाची जाळीच नसलेले, केवळ कृष्णधवल चित्र टिपणारे कॅमेरे आता निघाले आहेत. लायकाने असा कॅमेरा २०१२ मध्ये आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये. हातात एवढे पर्याय असताना कोणी आपणहून एकच वाट पत्करतो, यावरूनही या प्रश्नाचे वजन कळावे.

दुसरे उदाहरण टोपीचे. भर दुपारी अंगणात काढलेला एखाद्या शेतकऱ्याचा फोटो डोळ्यांसमोर आणा. पांढरी टोपी, पांढरे धोतर आणि उन्हात काळवंडलेला चेहरा. छायाचित्रकाराची याहून कठीण परीक्षा नाही. फिल्मचा स्वभाव असा, की प्रकाश वाढत गेला तरी तिची काळी चांदी त्या प्रमाणात वाढत नाही. वरच्या टोकाला ती सावकाश वळते. त्यामुळे चेहऱ्यासाठी प्रकाश मोजला तरी टोपीची घडी निगेटिव्हमध्ये शाबूत राहते, आणि एन्लार्जरखाली त्या जागेला थोडा जास्त उजेड देऊन ती कागदावर उतरवता येते. सेन्सरचे गणित सरळ रेषेचे आहे. भांडे भरेपर्यंत पाणी मोजायचे, भरल्यावर सांडलेले मोजायचे नाही. एकदा पांढरे झाले की तेथे कोरा कागद. घडी नाही, शिवण नाही, काही नाही. म्हणून जुन्या उस्तादांचा नियम होता की सावलीसाठी प्रकाश मोजा आणि उजेड धुताना सांभाळा. डिजिटलमध्ये तो उलटा करावा लागतो : उजेड सांभाळा, सावली नंतर उचला. आजचे चांगले सेन्सर सावलीतून पुष्कळ काही उचलू देतात हे खरेच. अंधाऱ्या माजघरात, समईच्या उजेडात, डिजिटल कॅमेरा जे टिपतो ते फिल्मला साधत नसे. जो या गोष्टी नाकारतो तो समीक्षा करीत नाही, श्राद्ध करतो.

तिसरी गोष्ट दाण्याची. फिल्मचे स्फटिक विस्कळीत पसरलेले असतात, आणि प्रत्येक चौकटीत त्यांची मांडणी वेगळी. फोटो मोठा केला की करड्या भागात हा दाणा दिसू लागतो. डिजिटलचे बिंदू मात्र फरशीसारखे ओळीत. कमी उजेडात त्यांच्यावर जी खरखर येते तिला तो पोत नसतो, म्हणून यंत्र ती घासून पुसून टाकते आणि गालाची त्वचा प्लॅस्टिकची दिसू लागते. मग कोणी तरी वरून कृत्रिम दाणा पेरतो. हे मला गिरणीतल्या पिठात जात्याची खर मिसळण्यासारखे वाटते. दाणा ही काही भूषणाची वस्तू नव्हती. ते चित्राचे अंग होते. ज्याला दाणा नको त्याने डिजिटलचा स्वच्छपणा सरळ स्वीकारावा, आणि त्या स्वच्छपणात काय सांगता येते ते शोधावे.

एवढे सगळे झाल्यावर चित्र कागदावर यायचे असते. डोळ्यांसमोरच्या दृश्यात उजेड-सावलीचे अंतर हजारो पटींचे असू शकते. चकचकीत कागदावरच्या सर्वांत गडद काळ्या आणि सर्वांत स्वच्छ पांढऱ्यातले अंतर साधारण शंभर पटींचे. खरखरीत कागदावर त्याहून कमी. तेव्हा प्रत्येक कृष्णधवल फोटो हा संक्षेप असतो. कोठे काटायचे आणि कोठे राखायचे, यातच छपाई करणाऱ्याची कला आहे. डार्करूममध्ये हे काम हाताच्या ओंजळीने आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने होत असे, म्हणून प्रत्येक प्रत थोडी वेगळी. शाईच्या छपाईत एकदा केलेला विचार हुबेहूब शंभर प्रतींत उतरतो. अनेक करड्या शाया वापरणाऱ्या यंत्रावर, चांगल्या सुती कागदावर निघालेली प्रत चांदीच्या प्रतीशेजारी लावली तर ती उणी दिसेलच असे नाही. तिचा काळा कागदात मुरलेला असतो, चांदीचा काळा जिलेटिनच्या थरात खोल दिसतो. हा भेद आवडीचा आहे, श्रेष्ठ-कनिष्ठाचा नव्हे. आपल्याकडे डिजिटल कृष्णधवल फोटो फिका आणि हिरवट दिसतो, त्याचे कारण बहुतेक वेळा निराळे असते : तो रंगीत फोटोच्या यंत्रावर, रंगीत कागदावर छापलेला असतो. दोष छपाईचा, आणि बदनाम होतो कॅमेरा.

या बाबतीत सेबास्तियाव सालगादो यांचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. २०२५ साली निवर्तलेल्या या ब्राझिलियन छायाचित्रकाराने आयुष्यभर कृष्णधवल माध्यम वापरले. मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरचा त्यांचा १९९५ चा फोटो प्रसिद्ध आहे. स्थिर उभ्या गाड्या आणि त्यांच्यामधून पाण्यासारखा वाहणारा माणसांचा लोंढा. तो फिल्मवरचा. २००४ मध्ये सुरू केलेल्या 'जेनेसिस' या प्रकल्पात मात्र ते २००८ च्या सुमारास डिजिटलकडे वळले, कारण विमानतळावरच्या क्षकिरण तपासण्यांत रोल खराब होण्याची धास्ती होती. पडद्यावर फोटो निवडणे त्यांना जमेना, म्हणून ते डिजिटल फोटोंच्याही कागदी संपर्कप्रती काढून भिंगाने पाहत. प्रदर्शनासाठी त्या आकड्यांवरून पुन्हा फिल्मची निगेटिव्ह तयार करून चांदीच्या कागदावर प्रती काढल्या गेल्या. टिपणे डिजिटल, पाहणे कागदी, छपाई चांदीची. कोणत्याही एका पंथाची कंठी न बांधता प्रत्येक टप्प्यावर काय उपयोगी ते त्यांनी घेतले.

आणि आपल्या मराठी माणसाचे काम पाहायचे तर सुधारक ओलवे यांचे पाहावे. मुंबईच्या सफाई कामगारांवरची त्यांची कृष्णधवल चित्रमालिका १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याच्या ढिगात आणि गटारात उतरलेली ही माणसे रंगीत फोटोत दाखविली असती, तर घाणीचा रंग आधी दिसला असता आणि पाहणाऱ्याने नाकाला पदर लावून मान फिरविली असती. करड्या छटांत घाण आणि माणूस एकाच द्रव्याचे होतात. मग नजर जेथे फरक आहे तेथे जाते, म्हणजे डोळ्यांकडे. मळाच्या काळ्यातून डोळ्यांतले पांढरे तेवढे वेगळे निघते. हे फिल्ममुळे साधले की पाहणाऱ्याच्या जाणिवेमुळे? माझे मत असे, की जाणिवेमुळे; परंतु फिल्मने त्या जाणिवेला एक शिस्त दिली. छत्तीस फोटोंचा रोल संपतो. म्हणून बटण दाबण्यापूर्वी थांबावे लागते, समोरच्या माणसाशी बोलावे लागते, आणि त्याची संमती त्याच्या चेहऱ्यावर उतरते. डिजिटलवाल्याला ही शिस्त स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते. ती लावून घेणारे आहेत, थोडे आहेत.

येथपर्यंतची चर्चा कोठल्याही गावच्या वाचकाला लागू पडेल. आपला प्रश्न याहून थोडा वेगळा आहे.

पिरनवाडीपासून निपाणीपर्यंत आपल्या घरांतून जे जुने कृष्णधवल फोटो आहेत, ते केवळ आठवणी नाहीत. ते आपल्या इथे असण्याचे कागद आहेत. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, तालमीतल्या पोरांचा फोटो, भजनी मंडळाचा, गणपतीच्या मिरवणुकीचा, शाळेच्या सातवीच्या वर्गाचा. यांत माणसांच्या मागे काय आहे ते पाहा. पाटी आहे. दुकानाचे नाव, गावाचे नाव, खडूने लिहिलेली इयत्ता आणि साल. १९५६ पूर्वीचा बेळगाव हा मुंबई राज्यातला जिल्हा होता. पुढे म्हैसूर राज्य झाले, १९७३ मध्ये त्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. सरकारी कागद बदलत गेले. फोटोतली पाटी बदलली नाही. तिच्यावर कधी मराठी आहे, कधी कन्नड, कधी दोन्ही शेजारी शेजारी, आणि कोणालाही त्याचे काही वाटत नसल्याची ग्वाही खाली बसलेल्या मुलांचे चेहरे देतात. ही ग्वाही दोन्ही भाषांच्या माणसांना मोलाची वाटायला हवी.

आता चालले आहे ते असे. बाराव्या-तेराव्याला हार घालायला मोठा फोटो हवा, म्हणून वर्गाच्या किंवा लग्नाच्या जुन्या फोटोतून एक चेहरा कापून घेतात. मागची पाटी, शेजारचा माणूस, खांद्यावरचा परका हात पुसून निळे आभाळ घालतात. चेहरा गोरा करतात, कोट चढवतात. कृष्णधवल फोटो आपोआप रंगीत करून देणारी साधने आता मोबाइलमध्येच आहेत. ती लुगड्याला जो रंग देतात तो अंदाजाने. आजीचे लुगडे इरकली होते की नऊवारी पाटव, हिरवे होते की जांभळे, हे करड्या छटेतून कळत नाही. यंत्र ठोकून देते, आणि पुढच्या पिढीला तोच रंग खरा वाटतो. एवढे झाल्यावर मूळ प्रत जीर्ण झाली म्हणून कचऱ्यात जाते. पूर्वीचे स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवीत, हे खरे. परंतु पेन्सिल निगेटिव्हवर दिसते, आणि निगेटिव्ह डब्यात राहते. आकड्यांत केलेला बदल मूळ आकड्यांच्याच जागी जाऊन बसला, तर विचारायला साक्षीदार उरत नाही.

फिल्मचा खरा मोठेपणा मला येथे दिसतो. त्या माणसासमोरून निघालेला उजेड ज्या वस्तूवर पडला, ती वस्तू निगेटिव्हच्या रूपाने आपल्या हातात असते. उजेडात धरली की डोळ्यांना दिसते. कोणतेही यंत्र लागत नाही. मात्र या मोठेपणाला चिरंजीवपण समजू नये. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज उरला आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. आपल्या भागातल्या पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी धरते, एकमेकींना चिकटतात, हायपो नीट धुतला गेला नसेल तर फोटो पिवळा पडतो. उलट डिजिटल प्रती दहा ठिकाणी ठेवता येतात आणि दहाही हुबेहूब असतात. मात्र त्या दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवायला हव्यात, आणि ते करणारा माणूस घरात हवा. डबा माळ्यावर पन्नास वर्षे विसरला तरी चालतो. हार्ड डिस्क विसरून चालत नाही.

तेव्हा निवाडा द्यायचाच तर असा देईन. नवे चित्र टिपण्यासाठी फिल्म श्रेष्ठ आणि डिजिटल हीन, हे म्हणणे आज टिकणारे नाही. कुंकवाची छटा, टोपीची घडी आणि कागदाची जात यांचा विचार करणाऱ्याच्या हातात दोन्ही साधने चांगली, आणि विचार न करणाऱ्याच्या हातात दोन्ही वाईट. जुन्याच्या बाबतीत मात्र मूळ प्रतीला पर्याय नाही. तिचा डिजिटल फोटो घ्यावा, अवश्य घ्यावा, पण पूर्ण चौकटीचा, कडांसकट, पाठीवर शाईने काही लिहिले असेल तर पाठीचाही. सुधारणा करायची ती दुसऱ्या प्रतीवर करावी. निगेटिव्ह कोरड्या डब्यात, एकेक वेगळ्या कागदात ठेवावी. आणि आजच्या फोटोंतले वर्षाकाठी निदान बारा, क्लिक थ्रीच्या एका रोलइतके, चांगल्या कागदावर छापून, मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावेत. ते मराठीत लिहावे. शेजारी कन्नडातही लिहिले तर आणखी चांगले, कारण आपली नातवंडे ते कोणत्या लिपीत वाचतील हे आज कोण सांगणार?